दोन रेघा आणि एक टेम्पो

नियोजन कसं करावं हे कुणाला शिकायचं असेल तर त्यांनी खुशाल माझ्याकडे यावं. लग्नसराईत मंठ्यातल्या निम्म्या बायकांचे ब्लाऊज माझ्या मशीनवर असतात, आणि आजवर एकही नवरी माझ्यामुळे लग्नात शाल पांघरून बसलेली नाही. तेव्हा मूल होण्यासाठी नियोजन लागतं असं डॉक्टर मॅडम म्हणाल्या, तेव्हा मी मनात म्हटलं, एवढंच ना! हे तर आपल्या हातचं काम आहे.

आधी एक खुलासा. नवऱ्याला मी तोंडावर 'अहो' म्हणते, पण इथं कल्याणच लिहिणार आहे. नाहीतर 'हे' म्हणजे कोण आणि 'ते' म्हणजे कोण, याचा घोळ व्हायचा, आणि या गोष्टीत घोळ आधीच पुष्कळ आहे. सासऱ्यांना, म्हणजे मच्छिंद्ररावांना, मी मामा म्हणते आणि सासूबाईंना, तुळजाबाईंना, आत्याबाई.

कल्याण जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणं कंपनीत पॅकिंगचा सुपरवायझर आहे. आठवडाभर तिकडेच खोली करून राहतो आणि सुट्टीला मंठ्याला येतो. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि पाळणा काही हलत नव्हता. दोघांच्या तपासण्या झाल्या, दोघंही ठणठणीत निघालो. जालन्याच्या साधना मॅडम म्हणाल्या की दोष काही नाही, फक्त योग्य दिवस साधायला पाहिजेत. या पावसाळ्यापर्यंत बघू, नाहीतर मग संभाजीनगरला मोठ्या दवाखान्यात पाठवते. त्या मोठ्या दवाखान्याचं नाव निघालं की मी विषय बदलायचे. शेजारची एक बाई तिथं दोन वर्षं चकरा मारून आली होती आणि रिकाम्या हातांनी परतली होती.

मॅडमनी पट्ट्या दिल्या. सकाळी लघवीत बुडवायची. दोन्ही रेघा सारख्या गडद आल्या की समजायचं, बाईचं बीज आता एक-दोन दिवसांत बाहेर पडणार. मॅडम पुढंही बरंच काही सांगत होत्या, पण मी तोवर पट्ट्या पिशवीत टाकून उठलेसुद्धा होते. कल्याणनं त्यात आपली अक्कल घातली. तो म्हणाला, रेघा येईपर्यंत एकमेकांच्या जवळ फिरकायचं नाही. पेरणीच्या आधी कुणी गोदामातलं बियाणं वाटून टाकतं का? सगळा साठा त्या एका दिवसासाठी राखून ठेवायचा. मला हे एकदम पटलं. बियाण्याच्या कंपनीतला माणूस सांगत होता, पटायलाच पाहिजे.

अशानं आमच्या संसाराचं वेळापत्रक झालं. सुट्टीच्या दिवशी तो एका कोपऱ्यात मोबाईल बघत बसायचा आणि मी दुसऱ्या कोपऱ्यात काजं करत बसायचे. सोबत चहा प्यायलासुद्धा भीती वाटायची.

मे महिना उजाडला. बियाणं कंपनीत मे म्हणजे ऐन हंगाम. सुट्ट्या बंद, रजा बंद, साप्ताहिक सुट्टी मिळाली तरी नशीब. आणि नेमक्या एका बुधवारी सकाळी माझ्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या. इतक्या ठसठशीत की चष्म्याशिवाय आत्याबाईंनासुद्धा दिसल्या असत्या. मी कल्याणला मेसेज टाकला, 'दोन्ही आल्या. आजच्या आज या.' त्याचं उत्तर आलं, 'येतो. काहीही करून.'

इकडं माझी तयारी चोख होती. आत्याबाई आदल्या दिवशीच बहिणीच्या नातवाच्या बारशाला अंकुशनगरला गेल्या होत्या. मामांना संध्याकाळी देवळात भजनाला पाठवायचं ठरवलं होतं. दुपारी मी डोक्यावरून पाणी घेतलं, हिरवी साडी नेसले, मोगऱ्याचा गजरा माळला आणि शेवयाची खीर चुलीवर ठेवली. मामा जेवून बाहेरच्या ओट्यावर बाजेवर आडवे झाले होते. उन्हाळ्यात ते कायम एकाच पद्धतीनं झोपतात. सरळ, उताणे, हात छातीवर, आणि तोंडावर ओला पांढरा पंचा. माश्या बसत नाहीत आणि गारवा राहतो. झोप इतकी गाढ की दारात मिरवणूक आली तरी कळायचं नाही.

आता तिकडं जालन्यात काय घडलं ते सांगते. मला हे नंतर कळलं, पण तुम्हाला आधी कळलेलं बरं.

कल्याण सकाळीच मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये गेला. काकासाहेब त्यांचं नाव. हंगामात रजा मागणाऱ्याकडे ते असं बघतात की माणूस आपणहून परत फिरतो. काकासाहेबांनी विचारलं, काय काम आहे? कल्याणनं रात्रीच्या पाळीत उभं राहून डोळे लाल केलेले होते, घाम फुटलेला होता. त्यानं ठरवलं होतं की खरं काय ते सरळ सांगून टाकायचं. बाप व्हायचंय साहेब, आजचा दिवस द्या. तो म्हणाला,

"साहेब, बाप..."

आणि पुढचा शब्द घशात अडकला. बिचारा लाजाळू आहे. गावातल्या मेडिकलवर पट्ट्या मागायलासुद्धा मलाच जावं लागतं.

काकासाहेब खुर्चीतून उठले. टेबलाला वळसा घालून आले आणि त्यांनी कल्याणच्या खांद्यावर हात ठेवला.

"कळलं मला. पुढचं बोलू नको."

कल्याणला वाटलं, काय समजूतदार माणूस आहे! त्यानं मान खाली घातली आणि बाहेर आला. बाहेर येईपर्यंत साहेबांच्या हुकमानं मशीन बंद झाल्या होत्या. सगळे कामगार डोकं खाली घालून उभे. दोन मिनिटं मौन पाळून झाल्यावर त्याच्या डोक्यात प्रकाश पडला की आपले वडील वारले आहेत.

तुम्ही म्हणाल, तेव्हाच का नाही सांगितलं. मीही हेच म्हटलं. तर त्यानं सांगितलं होतं! तो म्हणाला, वडील बरे आहेत हो माझे, एकदम बरे आहेत. हे ऐकून कंपनीचा ड्रायव्हर भुजंग ढसाढसा रडला. धक्का बसलेला माणूस असंच बोलतो म्हणे. त्याचा चुलता गेला तेव्हा चुलतीनंही हेच म्हटलं होतं. अशा मनःस्थितीत याला गाडी चालवू द्यायची नाही असं सर्वांनी ठरवलं, त्याच्या खिशातून मोटरसायकलची चावी काढून घेतली आणि त्याला कंपनीच्या टेम्पोत मधोमध बसवलं. त्यानं फोन काढला तर तोही एकानं हळूच काढून घेतला. आता कुणाशी बोलू नको, त्रास होईल.

वाटेत वाटूर फाट्यावर हार घेतले. भुजंग अनुभवी माणूस. ऐन वेळी मंठ्यात मिळेल न मिळेल म्हणून त्यानं जालन्यातूनच बांबू, पांढरं कापड आणि मडकं घेतलं होतं. कल्याण त्या बांबूंवर बसून साठ किलोमीटर आला.

दुपारी दारात टेम्पो थांबल्याचा आवाज आला. मला वाटलं, समोरच्या दुकानात माल आला असेल. मग माणसांचा आवाज आला. मी हातात खिरीची पळी घेऊन बाहेर आले.

ओट्यासमोर पंधरा-वीस माणसं टोप्या काढून उभी. मागं टेम्पो, त्यातून बांबू बाहेर आलेले. दोघांनी कल्याणला दंडाला धरलेलं. आणि बाजेवर मामा. सरळ, उताणे, हात छातीवर, तोंडावर पांढरा पंचा.

मला काय झालं ते खरंच कळेना. मी मामांकडे बघितलं, बांबूंकडे बघितलं, पुन्हा मामांकडे बघितलं. तासाभरापूर्वी मीच त्यांना भाकरी वाढली होती. मी आत खीर हलवत होते आणि मामा बाहेर गेले की काय? आणि ते मला कळायच्या आधी जालन्याला कसं कळलं? पळी हातातून पडली.

त्या लोकांनाही धक्का बसलाच होता, पण निराळ्या कारणानं. घरात मयत आणि सून हिरवी साडी नेसून, गजरा माळून, खीर करून राह्यली. भुजंगची नजर माझ्या गजऱ्यावर गेली आणि तिथंच अडकली. नंतर त्यानं ती महत्प्रयासानं सोडवली, बाजेपाशी गेला, मामांच्या गळ्यावर हार ठेवला आणि त्यांचे पाय धरून त्यानं हंबरडा फोडला. शेजारच्या दोन बायका पळत आल्या, आणि काहीही न विचारता त्यांनीही गळा काढला.

मामांनी एक पाय झाडला.

भुजंग मागच्या मागं बसला. पंचा खाली घसरला. मामा उठून बसले, गळ्यातल्या हाराकडे बघितलं, गर्दीकडे बघितलं, बांबूंकडे बघितलं, आणि शेजारच्या बाईला हलक्या आवाजात विचारलं,

"कोण गेलं?"

पॅकिंगमधला एक जण कंपाऊंडवरून उडी मारून जो गेला तो संध्याकाळीच सापडला. मडकं कुणाच्या तरी हातून सुटलं आणि फुटलं. मी मटकन खाली बसले. मामा जिवंत आहेत याचा आनंद इतका झाला की मला रडूच कोसळलं, आणि मला रडताना पाहून मामांना खात्री पटली की नक्कीच कुणीतरी गेलं.

तेवढ्यात काकासाहेबांची गाडी आली. पांढरा शर्ट, गंभीर चेहरा. ते उतरले, हात जोडून ओट्याकडे आले आणि ज्याच्या अंत्यविधीला आले होते त्यानंच त्यांना नमस्कार केला.

काकासाहेबांनी मामांना आणि त्यांच्या गळ्यातल्या हाराला एकदा नीट बघून घेतलं. मग कल्याणकडे वळले. आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्तच भीती वाटली. त्यांनी एवढंच सांगितलं की सकाळी याचं 'साहेब, बाप...' ऐकून ऐन हंगामात त्यांनी मशीन बंद ठेवल्या, माणसं रडवली, आणि बापाच्या नावानं खोटं बोलणारा माणूस त्यांना नको. उद्यापासून यायची गरज नाही.

कल्याण मान खाली घालून उभा. तोंड उघडायचा, मिटायचा. मला दिसत होतं की हा माणूस नोकरी घालवेल, पण तो एक शब्द काही उच्चारणार नाही. सगळी गल्ली जमा झाली होती. समोरचा दुकानदार, पलीकडची शाळामास्तरीण, माझ्याकडं ब्लाऊज शिवणाऱ्या सगळ्या. मी डोळे पुसले, पदर नीट केला आणि उभी राहिले.

"साहेब, हे खोटं न्हाई बोलले. 'बाप गेला' असं म्हणालेच न्हाईत. यांना 'बाप व्हायचंय' म्हणायचं होतं. आजचा दिवस डॉक्टरनी दिल्ता."

गल्ली गप्प झाली. इतकी गप्प की आतली खीर करपल्याचा वास सगळ्यांना एकदम आला. काकासाहेबांचे कान लाल झाले. भुजंगनं पुन्हा माझ्या गजऱ्याकडे बघितलं, आणि या वेळी त्याला तो कळला. त्यानं घाईघाईनं नजर आभाळाकडे फिरवली.

मामा हार गळ्यात घेऊन विचार करत होते. मग त्यांनी मुलाला विचारलं,

"मंग त्याला एवढी माणसं कशाला आणली?"

पहिल्यांदा मास्तरीणबाई हसल्या. मग सगळी गल्ली. काकासाहेब ओट्याच्या पायरीवर बसले, पाणी मागितलं, प्यायले. कल्याणला जवळ बोलावून काहीतरी हळू आवाजात सांगितलं. नंतर कल्याण म्हणाला की साहेबांच्या मुलीचंही असंच चाललंय, तीही दिवस मोजून राह्यली. त्यांनी कल्याणला दोन दिवसांची रजा दिली, आणि जाताना मामांना पुन्हा नमस्कार केला.

मला वाटलं, सुटलो. लाज गेली ती गेली, पण रजा तर मिळाली. बुधवारची रात्र हातात आहे, गुरुवार हातात आहे. नियोजन अजून शाबूत आहे.

पण भुजंगनं वाटूर फाट्यावरच, कल्याणच्या काढून घेतलेल्या मोबाईलवरून, मामांचा फोटो सगळ्या पाहुण्यांना टाकला होता. आमच्या लग्नातला, फेटा बांधलेला. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली दोन मेणबत्त्या. तो फोटो मंठ्याला पोचायच्या आधी अंकुशनगरला पोचला होता.

दिवस मावळायला दोन जीपा आल्या. पहिल्या जीपमधून आत्याबाई उतरल्या. केस सुटलेले, आवाज बसलेला, त्यांना बहिणीनं, नंदाबाईनं, धरलेलं. ओट्यावर मामा बशीतून चहा पीत होते. आत्याबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, पुन्हा बघितलं, आणि सरळ जाऊन त्यांच्या हातातली बशी काढून फेकली.

"जित्ते हायत, तर फोन का न्हाई उचलला?"

मामा म्हणाले, झोपलो होतो. आत्याबाई खाली बसल्या आणि मामांचा पाय घोट्यापाशी घट्ट धरून ठेवला. अर्धा तास धरून ठेवला. मामा एरवी झाडून टाकतात, पण त्या दिवशी हलले नाहीत. मला तेव्हा कशी कुणास ठाऊक, पट्ट्या, रेघा, रजा, सगळ्याचा विसर पडला.

विसर पडून उपयोग नव्हता, कारण मागच्या जीपमधून बारशाचं अख्खं घर उतरत होतं. मग आणखी पाहुणे आले. शेंदुर्जनचे आले, परतूरचे आले. मेलेला माणूस जिवंत निघाला म्हटल्यावर तर जे मयतीला येणार नव्हते तेही बघायला आले. मामांनी प्रत्येकाला सगळी हकीगत पहिल्यापासून सांगितली, आणि दरवेळी भुजंगला मारलेली लाथ थोडी मोठी होत गेली. जिवावरचं टळलं म्हणून दुसऱ्या दिवशी गोड जेवण ठरलं. मी दोन दिवस पोळ्या लाटल्या. झोपायला मी आत्याबाई आणि नंदाबाई यांच्या मधे, आणि कल्याण गच्चीवर परतूरच्या पाहुण्यांमधे. आम्ही दोघं एकदाच समोरासमोर आलो, जिन्यात. त्याच्या हातात ताटांची चळत होती आणि माझ्या हातात वरणाची बादली. त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मलाच त्याची दया आली.

शुक्रवारी सगळे गेले. कल्याणही गेला. मी मशीनवर बसले, दोरा ओवायला गेले आणि सुईचं भोक दिसेना. डोळे भरले होते. हाही महिना वाया गेला. पावसाळा तोंडावर. आत्याबाई मागं येऊन उभ्या राहिल्या. त्यांना गल्लीतून सगळं कळलं असणारच. त्यांनी माझ्या हातातला दोरा घेतला, स्वतः सुईत ओवून दिला आणि गेल्या.

आणि मग जूनमध्ये माझी तारीख चुकली.

मला वाटलं, उन्हाची दगदग. आणखी काही दिवस वाट बघितली. मग दुसऱ्या प्रकारची पट्टी आणली, जिच्यानं दिवस गेले की नाही ते कळतं. दोन रेघा. मी न्हाणीघरात तशीच उभी राहिले. आनंद व्हायला पाहिजे होता, पण आधी डोकंच चालेना. त्या दिवशी तर काहीच झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशीही नाही. मी तर नंदाबाईच्या शेजारी झोपले होते!

कल्याणला फोन केला. सगळं सांगितलं. मग तो म्हणाला, "पण आपण तर..." आणि त्याचा शब्द पुन्हा अडकला. मी फोन ठेवून दिला. या माणसाचं अर्धं वाक्य ऐकून एकदा काय झालं ते मी बघितलं होतं. पण खरं सांगते, त्या दिवशी मी पुन्हा फोन करायला घाबरले. तो काय म्हणणार होता? माझ्यावरच काही संशय...

दुसऱ्या दिवशी तो मोटरसायकल घेऊन दारात. मला जालन्याला घेऊन निघाला. वाटेत आम्ही एकमेकांशी बोललो नाही. साधना मॅडमनी तपासलं, सोनोग्राफी केली आणि अभिनंदन केलं. मी सगळं सांगितलं. पट्टी, टेम्पो, पाहुणे, आणि त्या दिवशी काही झालंच नाही हे. मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, त्याच्या आधी? आम्ही दोघांनी एकदम सांगितलं की नाही, आम्ही साठा राखून ठेवतो. मॅडम म्हणाल्या, काय राखून ठेवता? कल्याण पंख्याकडे बघायला लागला.

मग मला आठवलं. त्याच्या आधीचा रविवार. कल्याण मला मदत करायला म्हणून हुक लावायला बसला होता आणि त्यानं कुणाचा तरी ब्लाऊज स्वतःच्या शर्टाला शिवून टाकला. तो ब्लाऊज छातीवर घेऊन उभा राहिला, आणि आम्ही कितीतरी महिन्यांनी पोट धरून हसलो. घरात कुणी नव्हतं. पुढचं मी लिहीत नाही. नंतर आम्हाला इतकं अपराधी वाटलं होतं की त्याबद्दल आम्ही एकमेकांशीसुद्धा बोललो नव्हतो.

"तोच रविवार," मॅडम म्हणाल्या.

मग त्यांनी नीट समजावून सांगितलं, आणि या वेळी मी उठले नाही. पुरुषाचे शुक्राणू कोट्यवधी निघतात. बहुतेक सुरुवातीलाच मरतात, कारण योनीमार्गात आम्ल असतं, आणि शरीरातल्या पांढऱ्या पेशी त्यांना परकं समजून गिळतात. पण बाईचं बीज बाहेर पडायच्या आधीच्या दिवसांत गर्भाशयाच्या तोंडाशी एक पातळ, ताणला जाणारा स्राव तयार होतो, अंड्यातल्या पांढऱ्या भागासारखा. त्यात ते सांभाळले जातात. काही तिथल्या घड्यांमधे थांबतात, काही थोडेच वर गर्भाशयाच्या नळीपर्यंत पोचतात आणि तिथल्या अस्तराला चिकटून शांत राहतात. तीन दिवस, कधी पाच दिवससुद्धा जगतात. बीज मात्र बाहेर पडल्यावर जेमतेम एक दिवस टिकतं. म्हणून बीज यायच्या आधी ते तिथं हजर असलेले चांगले. रेघा दिसायच्या आधीचे दिवसही तितकेच मोलाचे असतात. आणि राखून ठेवण्याची काही गरज नसते.

म्हणजे मी गल्लीसमोर गजरा माळून रडत होते, पोळ्या लाटत होते, सुईत दोरा ओवत होते, आणि या सगळ्या गोंधळात ते आपले आत गुपचूप जीव धरून होते. माझ्या शरीरानं मला न विचारता त्यांची बडदास्त ठेवली होती.

कल्याणनं माझा हात धरला. फोनवर काय म्हणणार होतात, असं मी त्याला तिथंच, मॅडमसमोर विचारलं. तो म्हणाला, "पण आपण तर त्या रविवारी नियम मोडला होता, हेच म्हणायचं होतं." मी मनातल्या मनात त्याच्या पाया पडले. मनातल्या मनातच, कारण मॅडम बघत होत्या.

मग त्यानं मॅडमना विचारलं, "म्हणजे मॅडम, बुधवारी मी आलो नसतो तरी..."

या वेळी वाक्य मॅडमनी पूर्ण केलं.

"नसता आलात तरी चाललं असतं."

येताना परतूरचा फाटा आला. तिथं त्यानं गाडी बाजूला घेतली, दोन चहा सांगितले आणि म्हणाला की एवढं मात्र कुणाला सांगू नको. घरी, कंपनीत, आता सगळे त्या टेम्पोच्या दिवसाचंच कौतुक करणार. भुजंग तर तेव्हाच बोलून गेलाय, बाळाला अंगठी घालणार म्हणून.

मी त्याला शब्द दिला की कुणाला सांगणार नाही, आणि तो पाळला आहे. हे तर नुसतं लिहून राह्यले.